नाकमास्तरांची सही

४ जानेवारी

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. "रोज सकाळी चार वास घ्यायचे आणि काय आलं ते लिहायचं. थापा मारायच्या नाहीत." शेवटचं वाक्य त्यांनी कशाला जोडलं कळलं नाही. माझ्या तोंडावर थापाड्या असं लिहिलंय की काय?

तर लिहितो. गेल्या महिन्यात ताप आला, आठ दिवसांनी उतरला आणि उतरताना माझं नाक घेऊन गेला. वास म्हणून येत नाही. परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही, म्हणाले. "इतकी वर्षं वाफा हुंगल्यात, मुळात किती शिल्लक होतं कोण जाणे," हेही म्हणाले. बोलायला काय जातं.

त्यांनी कॉफी, लवंग, लिंबू आणि साबण सांगितला होता. मी घरी येऊन माझ्या चार बाटल्या मांडल्या. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, डांबर. बत्तीस वर्षं जेवतोय ते यांच्या जिवावर, लवंगेच्या नाही. जमिनीतून काळं तेल निघतं, कारखान्यात ते तापवतात, हलकं असेल ते वर चढतं, जड ते खाली राहतं. वरच्या मजल्यावर पेट्रोल, खाली रॉकेल, त्याखाली डिझेल आणि तळघरात डांबर. एकाच घरातली भावंडं, पण प्रत्येकाचा वास निराळा. पेट्रोलचा गोडसर, डोकं हलकं करणारा. रॉकेलचा उग्र, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. डिझेलचा चिकट, दोन धुण्यांत न जाणारा. डांबराचा मला सगळ्यांत लाडका.

पेट्रोल, नाही. रॉकेल, नाही. डिझेल, नाही. डांबर, नाही.

७ जानेवारी

आजारपणानंतर आज पहिल्यांदा डेपोत गेलो. फाटकावरच्या चहावाल्या मावशीपासून मालकांपर्यंत सगळ्यांनी "या नाकमास्तर" केलं. हे नाव मला बत्तीस वर्षांत मिळालंय, फुकट नाही. आमच्याकडून रॉकेल, डिझेल, पेट्रोल टँकरने आसपासच्या दुकानांना आणि पंपांना जातं. टँकरच्या पोटात चार कप्पे असतात. काल ज्या कप्प्यात पेट्रोल होतं त्यातच आज रॉकेल भरायचं असेल, तर तो निथळवून, धुऊन, वाळवून घ्यावा लागतो. मग मी शिडीने वर चढतो, झाकण उघडतो, डोकं आत घालतो आणि हुंगतो. पेट्रोलचा मागमूस नसला तर वहीत सही करतो. माझी सही झाल्याशिवाय एक थेंब भरला जात नाही.

ही मिजास नाही. लिटरभर रॉकेलात अर्धी वाटी पेट्रोल गेलं तरी स्टोव्ह हा स्टोव्ह राहत नाही. रॉकेल तापल्याशिवाय पेट घेत नाही, म्हणून तर माणसं ते घरात ठेवतात. पेट्रोलची वाफ नुसती काडी दिसायची वाट बघत असते.

आज तीन टँकर आले. तिन्हींत डोकं घातलं. काहीच आलं नाही. कप्पे स्वच्छ असले तरी काही येत नाहीच म्हणा. सह्या केल्या.

नाकाचं कोणाला सांगितलेलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. नाक नसलेल्या नाकमास्तराला कोण उभं करणार? झाडू देतील हातात. घरीही बोललो नाही. ही उगाच काळजी करत बसेल.

चार बाटल्या, चारही नाही.

१५ जानेवारी

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांना सेंटचा भारी शौक. ते जिन्यावर असले की खाली आम्हाला कळायचं. खुर्चीवर बसवलं, तब्येत विचारली, चहा मागवला. मग मनगट पुढे करून म्हणाले, "नवीन आणलाय. कसा वाटतो? तुमच्याइतकं पारखी नाक कुठलं मिळणार!"

मला काहीच आलं नाही. पण मीही कच्चा नाही. डोळे मिटले, दोन वेळा हुंगलं, मान डोलावली आणि म्हणालो, "जरा उग्र आहे, पण तुम्हाला शोभतो."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. "वा, नाकमास्तर," म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत. दोन वर्षांनीही तुम्हाला सोडायचा माझा विचार नाही."

केबिनबाहेर आल्यावर घाम पुसला. वेळ कशी मारून नेली माझी मलाच माहीत. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, पण मुदतवाढ ऐकून ते वाईट वाटणं जिना उतरेपर्यंतच टिकलं.

२ फेब्रुवारी

आला! रॉकेलचा वास आला! सकाळी दुसऱ्या बाटलीचं बूच काढलं आणि तोच उग्र वास, जिभेच्या मुळाशी. मी ओरडलोच. ही पायमशीन थांबवून आली. आमची ही रेक्झिनच्या पिशव्या शिवते. आख्ख्या बाजारात तिच्या पिशवीची शिवण उसवलेली कोणी दाखवावी.

"काय झालं?"

"रॉकेल! फक्कड वास आहे."

ती बाटलीकडे बघत राहिली. म्हणाली, "त्यातलं रॉकेल मी परवा मशीन पुसायला घेतलं. धुऊन त्यात नळाचं पाणी भरून ठेवलंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या बाटल्यांना हात लावायचं कारण काय? तिने "रोज सकाळी हे काय हुंगत बसता?" एवढंच विचारलं. म्हटलं, कामाचा सराव. "बरं," म्हणाली आणि मशिनवर जाऊन बसली. बराच वेळ पाय मारल्याचा आवाज आला नाही.

म्हणजे आला तो आठवणीतला वास होता. थापा मारायच्या नाहीत म्हणून लिहिलं. रॉकेल, नाही.

११ फेब्रुवारी

रॉकेल तपासायचं एक यंत्रही आहे आमच्याकडे. पितळी वाटीत रॉकेल घालायचं, हळूहळू तापवायचं, मधूनमधून बारीकशी ज्योत दाखवायची आणि कितव्या अंशावर भडका उडतो ते बघायचं. फार लवकर उडाला तर पेट्रोल शिरलंय. अर्धा तास जातो, पण यंत्र फसत नाही. त्याचा थर्मामीटर दिवाळखोरासारखा कोपऱ्यात पडून आहे, मागच्या वर्षी फुटलेला. आज हिय्या करून मालकांना म्हटलं, नवीन मागवू या का?

"कशाला? तुमचं नाक आहे ना," ते म्हणाले.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. मीही झालो, थोडासा.

२० फेब्रुवारी

सोळा नंबरचा टँकर आला. ड्रायव्हरला आम्ही हॉर्न म्हणतो, कारण तो कानात बोलला तरी फाटकापर्यंत ऐकू जातं. आज मात्र शिडीपाशी येऊन चक्क हळू बोलला. "नाकमास्तर, पहिला कप्पा जरा नीट बघा हं."

"मी कधी बिननीट बघतो रे?"

"तसं नाही. बघा एवढंच."

कालचा पोरगा मला नीट बघायला शिकवतो! वर चढलो, त्याच्या समाधानासाठी दोनदा डोकं घातलं. डोकं किंचित गरगरलं. शिडी चढून हल्ली होतं तसं, वयच झालंय. भरल्यावर घनता काढली; पेट्रोल शिरलं की ती घटते. काचेची नळी तरंगत होती ती अगदी किमान घनतेच्या रेषेला टेकून. पण रेषेच्या आत होती, आणि रेषा त्यासाठीच असते. सही केली. नमुन्याची बाटली भरली, लाख लावली, चिठ्ठीवर टँकरचा नंबर, तारीख आणि माझी सही.

हॉर्नने माझ्याकडे बघितलं, मग मालकांच्या खिडकीकडे, आणि गाडी काढली.

चार बाटल्या, नाही. लिहायचाही कंटाळा आलाय.

२६ फेब्रुवारी

चहावाल्या मावशीच्या भुवया गेल्या! सकाळी स्टोव्ह एकदम भडकला म्हणे. बाकी काही झालं नाही, थोडक्यात निभावलं. मी म्हटलं, "मावशी, वात कापा, टाकी पुसा. स्टोव्हलाही कधी आंघोळ घाला." सगळे हसले. मावशी हसली नाही. म्हणाली, "नाकमास्तर, रॉकेल तुमच्याच डेपोचं आहे."

"मग तर प्रश्नच मिटला," मी म्हणालो.

२८ फेब्रुवारी

मालकांनी आज नमुन्याच्या बाटल्या वाटून टाकायला सांगितल्या. आमच्याकडे तशी रीतच आहे. नमुना पंधरा दिवस कपाटात ठेवायचा. तक्रार आली नाही तर तो कामगारांनी घरी न्यायचा. सोळा नंबरला आठच दिवस झालेत आणि मावशीचं ते प्रकरणही ताजं आहे, असं मी म्हटलं. तर म्हणाले, "ती काय लेखी तक्रार आहे? चहावालीच्या भुवयांवर डेपो चालवायचा का? कपाटात जागा हवी आहे." मग स्वतः कपाटापाशी येऊन उभे राहिले, सगळं रिकामं होईपर्यंत. मालक असे कष्टाला हात लावताना मी पहिल्यांदाच पाहिले.

पहिला मान माझा. सोळा नंबरची बाटली मी घेतली. हिला मेण वितळवायला रॉकेल लागतंच. पिशव्यांचा दोरा ती वितळलेल्या मेणातून ओढून घेते, म्हणून तर शिवण उसवत नाही. मागच्या पडवीत तिचा वातींचा स्टोव्ह आहे.

बाटली देताना मी नेहमीचं भाषण दिलं. तुझं मेण, तुझं रेक्झिन, नायलॉनचा दोरा, कंगवा, बटणं, ओठ फुटल्यावर लावतेस ते व्हॅसलीन, मशिनच्या सांध्यात घालतेस ते तेल, सगळे एकाच पिंपातून निघालेत. तुझं घर माझ्या पिंपावर चाललंय.

"मग पिंपाला सांगा," ती म्हणाली, "बाजारातून भाजी घेऊन ये म्हणावं."

६ मार्च

आज लिहिणार नव्हतो. लिहितो.

सुट्टी होती. सकाळी साडेदहा-अकराचा सुमार. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. तिने पडवीतून हाक मारली, "अहो, इकडे या जरा. या रॉकेलला वेगळाच वास येतोय."

मी उठलोसुद्धा नाही. पेपरातून म्हणालो, "रॉकेलला रॉकेलचाच वास येणार."

"गोडसर येतोय. पेट्रोलसारखा."

"हे तेल मी पास केलंय. लाख माझी, सही माझी. बत्तीस वर्षांनी आता मला तू वास शिकवणार?"

मग काडी ओढल्याचा आवाज आला. सगळं ठीक होतं. स्टोव्ह पेटला, मेणाचं पातेलं चढलं, मी कोडं सोडवायला घेतलं. दहा मिनिटांनी टाकी तापली असावी. भप्प असा आवाज झाला, आणि मग तिचा.

स्टोव्ह उडाला, पातेलं कलंडलं. वितळलेलं मेण उजव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत. मेण पाण्यासारखं ओघळून जात नाही, ते तिथंच धरून बसतं.

८ मार्च

इस्पितळात. चेहरा वाचला. डावा हात थोडासा. उजव्या हाताची बोटं वाकतील का, हे महिन्याभराने कळेल. वाकली तरी सुई धरण्याइतकी वाकतील असं कोणी म्हणत नाही.

नर्स जखमेवर तेलकट जाळीचं कापड लावते. मी विचारलं काय आहे. "पॅराफिनची जाळी, जखमेला चिकटत नाही," म्हणाली. मी मान हलवली. तेही त्याच पिंपातलं. हे मी हिला सांगितलं नाही.

ती भिंतीकडे तोंड करून असते. दुखत असेल.

मी स्टोव्हचा विचार करतोय. वाती जुन्या होत्या. मेण नको इतकं तापवलं असेल तिने. मी कितीदा सांगितलं होतं, पडवीत वारा असतो.

१३ मार्च

हॉर्न भेटायला आला. हिच्या हाताकडे बघितलं आणि बाहेर व्हरांड्यात येऊन रडला. त्याला हळू रडताही येत नाही.

"कुठल्या टँकरचं होतं?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"पहिल्या कप्प्यात आदल्या दिवशी पेट्रोल होतं, नाकमास्तर. धुतलाच नव्हता. तळाला चांगलं साठलेलं होतं. मालक म्हणाले, वेळ नाही, तसाच भर. दोन महिने असंच चाललंय. मी तुम्हाला म्हटलं नव्हतं का, नीट बघा?"

"मग सरळ सांगायचं होतंस!"

"सरळ सांगणारा माझ्या आधीचा ड्रायव्हर कुठे आहे सध्या? मला वाटलं, तुम्हाला वास येईलच. कोणालाही आला असता. मला तर खाली उभ्या उभ्या येत होता."

तो गेल्यावर मी वाती, वारा, मेण, सगळं सोडून दिलं. जे झालं ते माझं होतं. पेपरातून मान वर न काढणारा मी होतो.

१४ मार्च

मालकांकडे गेलो. म्हटलं, दुकानांतून ते रॉकेल परत मागवा. आजच्या आज.

त्यांनी शांतपणे वही पुढे केली. "ही कोणाची सही आहे?"

"माझी. पण मला..."

"वास येत नाही. ते मला जानेवारीतच कळलं. तुम्ही माझ्या सेंटचं कौतुक केलंत ना, त्या दिवशी मी लावलाच नव्हता." आणि हसले, अगदी तसेच. "बोला की. जरूर बोला. पण आधी हे सांगावं लागेल की दोन महिने तुम्ही न हुंगता सह्या ठोकल्यात. लोक मला काय विचारतील? मी तर तज्ज्ञ माणूस नेमलेला आहे."

मी समजत होतो वेळ मारून नेली. नाक गेलं तरी ठेवलंय असं मला वाटत होतं. नाक गेलं म्हणूनच ठेवलं होतं. बत्तीस वर्षांच्या नावाचं या माणसाने झाकण केलं, आणि मी त्याखाली खुशीत बसलो होतो. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकायचा अधिकार माझा नव्हता म्हणून थुंकलो नाही.

१५ मार्च

यादी घेऊन एकेक दुकान पायी फिरलो. बहुतेकांचं विकून झालं होतं. उरलेलं विकू नका म्हणून हात जोडले. येताना फाटकावर मावशीपाशी थांबलो. भुवया थोड्या फुटल्यात.

"मावशी, तुम्हाला वास आला नव्हता का?"

"आला होता की. दुकानदाराला म्हटलंही. तो म्हणाला, नाकमास्तरांनी पास केलंय, तू कशाला नाक खुपसतेस? मग मला वाटलं, आपलंच चुकत असेल."

तिने मला चहा दिला. स्टोव्हवरचा नाही, कोळशाच्या शेगडीवरचा.

२२ मार्च

ही घरी आली. मशिनवर मी चादर टाकून ठेवली होती. तिने ती डाव्या हाताने ओढून काढली आणि खुर्चीत बसली.

मी समोर बसलो. म्हणालो, "मला वास येत नाही. डिसेंबरपासून."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दूध करपून घरभर धूर झाला होता आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता. मग त्या बाटलीतलं पाणी. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

माझा आवाज चढला. चढायला नको होता. "माहीत होतं तर मग तू ते पेटवलंस कशाला?"

ती हाताच्या पट्टीकडे बघत होती. "नाक गेलंय हे माहीत होतं. मला वाटलं, यंत्र लावून बघितलं असेल. न बघता तुम्ही सही कराल, हे माहीत नव्हतं."

 

२४ मार्च

तपासणी निरीक्षकांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. ही वही आज त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे, तारीखवार, जशी आहे तशी. सेंटचंही आहे त्यात, घनतेच्या रेषेचंही. डॉक्टरांनी थापा मारू नका म्हणून सांगितलं होतं, त्याचा असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नसेल. शेजारी हिने शिवलेली पिशवी आहे. तिच्यात सोळा नंबरची बाटली, अर्धी उरलेली. कपाट रिकामं करताना मालकांनी ही बाटली उरेल असा हिशेब धरला नव्हता.

नोकरी जाईल. कदाचित मीही आत जाईन. सकाळी निघताना हिने विचारलं, "जेवायला येणार ना?" येईन म्हणालो.

आत्ताच पट्टेवाला बाकाशी आला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "काका, पिशवीत पेट्रोल आहे का? केवढा वास मारतोय!"

मी बाटली काढून त्याच्या हातात दिली. चिठ्ठी त्याच्याकडे वळवली.

"रॉकेल लिहिलंय," म्हणालो. "सही माझी आहे."